'हे फील्ड भाषांतरात घेऊ नका' म्हणजे नक्की काय करायचं? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. साइट दोन-तीन भाषांत केली, भाषांतर चालू केलं, आणि जे बदलायला नको होतं तेही बदलून बसलं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त हेच. फील्ड म्हणजे साइटवर माहिती भरायचा एकेक रकाना. मेनूंची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे शोधताना अडायला नको.

प्रश्न: ताई, आमच्या ग्रंथालयाची साइट वर्डप्रेसवर आहे, मूळ इंग्रजीत. आता डब्ल्यूपीएमएल (साइट अनेक भाषांत करायचं प्लगइन) टाकून मराठी आणि हिंदी केली. ऑटोमॅटिक भाषांतर लावल्यावर पुस्तकांची वर्णनं बरी आली पण आयएसबीएन देवनागरी आकड्यांत गेला, वर्गीकरण क्रमांकाचंही तेच झालं, आणि ब्राउन आडनावाचे एक लेखक चक्क 'तपकिरी' झाले. मग मी घाबरून सगळी कस्टम फील्ड 'डोन्ट ट्रान्सलेट' करून टाकली तर मराठी पानावरून आयएसबीएन गायबच झाला. आता काय करू?

उत्तर: आधी हे सांगते की डेटा कुठे गेलेला नाही, इंग्रजी पानावर तो शाबूत आहे, त्यामुळे घाबरू नका. गडबड झाली ती 'डोन्ट ट्रान्सलेट' या नावामुळे, आणि ही चूक इतक्या जणांकडून होते की मला त्या नावाचाच राग येतो. आपण वाचताना 'आहे तसं राहू दे' असं वाचतो. डब्ल्यूपीएमएलच्या लेखी मात्र त्याचा अर्थ 'या फील्डकडे बघूच नकोस' असा आहे, म्हणजे भाषांतरित पानावर ते जातच नाही, तिथे रिकामं राहतं. तुम्हाला हवं होतं ते 'कॉपी'.

डब्ल्यूपीएमएलच्या सेटिंग्जमध्ये कस्टम फील्ड्स ट्रान्सलेशन असा भाग आहे, तिथे प्रत्येक फील्डपुढे चार पर्याय असतात. 'ट्रान्सलेट' आणि 'डोन्ट ट्रान्सलेट' झाले. 'कॉपी' म्हणजे मूळ पानावर जे आहे तेच सगळ्या भाषांत, आणि मूळ बदललं की बाकीचंही बदलणार, मराठी पानावर कुणी हातानं काही वेगळं लिहिलं तरी पुढच्या वेळी मूळ अपडेट झालं की ते पुसलं जाणार. 'कॉपी वन्स' म्हणजे भाषांतर पहिल्यांदा तयार होताना एकदा उचलून ठेवायचं आणि नंतर प्रत्येक भाषेनं आपलं आपण बघायचं. हा चौथा पर्याय लोक विसरतात पण तो फार कामाचा आहे, उदाहरणार्थ पानावरचं मोठं चित्र, सुरुवातीला सगळीकडे तेच चालतं पण चित्रात इंग्रजी मजकूर असेल तर नंतर मराठीसाठी वेगळं लावता येतं.

आता कुठल्या फील्डला काय लावायचं. मी प्रत्येक फील्डसमोर थांबून एकच विचारते, हे माणूस वाचणार आहे की मशीन जुळवणार आहे? आयएसबीएन कुणी वाचत बसत नाही, तो शोधात टाकतात, स्कॅन करतात, दुसऱ्या यादीशी ताडून बघतात. २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधीचा १० अंकी, आणि १० अंकीमध्ये शेवटचा अंक कधी कधी रोमन 'एक्स' असतो, त्या 'एक्स'चं भाषांतर यंत्रानं काहीही केलं तरी नंबर मेला. वर्गीकरण क्रमांकाचंही तसंच. ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं. इथे छापताना मी तो देवनागरी आकड्यांत लिहिला आणि तुम्हाला समजला, पण डेटाबेसमध्ये तो इंग्रजी अंकांत असेल आणि मराठी पानावरून देवनागरी अंकांत शोध गेला तर कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही दोन पूर्ण वेगळी अक्षरं आहेत, निकाल शून्य. म्हणून दोन्ही 'कॉपी'. पृष्ठसंख्या, प्रकाशन वर्ष, मुखपृष्ठाची फाइल, नोंदणी क्रमांक, सगळं 'कॉपी'. दाखवताना देवनागरी अंक हवे असतील तर ते टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) दाखवताना करायचं, साठवलेल्या व्हॅल्यूला हात लावायचा नाही.

'उपलब्ध / बाहेर गेलेलं' असं जे ड्रॉपडाउन असेल तिथे जपून. ड्रॉपडाउनला दोन तोंडं असतात, आत साठवलेली 'की' (कॉम्प्युटर जुळवतो तो शब्द) आणि बाहेर दिसणारं लेबल. ही 'की' भाषांतरित झाली तर फिल्टर बंद पडतो कारण फिल्टर अजून जुनीच 'की' शोधतोय, आणि लेबल भाषांतरित नाही झालं की मराठी वाचकाला इंग्रजी शब्द दिसतो. तेव्हा 'की'ला 'कॉपी', लेबल भाषांतरात. अनेक थीममध्ये ही दोन्ही एकच असतात, म्हणजे 'अव्हेलेबल' हाच शब्द साठवलेला आणि तोच दाखवलेला, तसं असेल तर डेव्हलपरकडून आधी ते वेगळं करून घ्या, नंतरच भाषांतराला हात घाला.

राहिले ते ब्राउन. नाव ही गोष्ट या चारही पर्यायांत नीट बसत नाही आणि इथेच माणसाचं डोकं लागतं. 'कॉपी' केलंत तर मराठी पानावर नाव रोमन लिपीत राहील, चुकीचं नाही, पण ज्याला रोमन वाचता येत नाही त्याला लेखक कोण ते कळणार नाही. 'ट्रान्सलेट' आणि यंत्रावर सोपवलंत तर तपकिरी. उलट दिशेनं, मराठीतून इंग्रजीत जाताना 'आशा'चं 'होप' होतं. नावाला भाषांतर नको, लिप्यंतर हवं. म्हणून हे फील्ड 'ट्रान्सलेट'वर ठेवा पण ऑटोमॅटिकमधून काढा आणि माणसाकडून भरून घ्या. एका लेखकाची वीस पुस्तकं असली तरी नाव एकदाच लिहायचंय, त्यासाठी लेखकांची वेगळी टॅक्सॉनॉमी (वर्गवारीची यादी) केलीत तर वीस ठिकाणी वीस स्पेलिंग होणार नाहीत.

प्रश्न: आमची साइट ड्रुपलवर (वर्डप्रेससारखीच साइट बनवायची प्रणाली) आहे. 'शेवटची तारीख' या फील्डवरची भाषांतराची टिक काढली. आता मराठी फॉर्मवर ते फील्ड तरीही दिसतं, पुढे 'ऑल लँग्वेजेस' असं लिहिलेलं, आणि मराठी संपादकानं तारीख बदलली की इंग्रजी पानावरही बदलते. हा बग आहे का?

उत्तर: बग नाही, बरोबर चाललंय, आणि तुम्ही ती टिक काढलीत म्हणून मला खरंच बरं वाटलं. का ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका शिष्यवृत्तीच्या साइटवर काम करत होते, तीन भाषा होत्या. शेवटची तारीख साध्या टेक्स्ट फील्डमध्ये होती आणि ते फील्ड बाकीच्या मजकुरासारखंच भाषांतरात होतं, म्हणजे प्रत्येक भाषेत तारीख वेगळी साठवलेली. सेटिंग मीच केलं होतं. मग तारीख ३० वरून २२ वर आली, ऑफिसनं इंग्रजी पान बदललं, आणि बाकी दोन भाषांत ३० तशीच राहिली कारण त्या बदलायच्या आहेत हे कुणाला सुचलंच नाही, सुचायचं कारणही नव्हतं. २७ तारखेला एका मुलीचा मेल आला, कागदपत्रं सगळी जोडलेली, आणि विचारत होती की फॉर्म उघडत का नाही. तिनं मराठी पान वाचलं होतं. तिची काही चूक नव्हती. आम्ही अर्ज घ्यावा म्हणून खूप भांडलो पण तो निर्णय आमच्या हातात नव्हता. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, वयोमर्यादा असली फील्ड मला भाषांतराच्या यादीत दिसली की मी काम थांबवते. ही व्हॅल्यू एकच असली पाहिजे, एकाच जागी, सगळ्या भाषांसाठी.

ड्रुपल ८ पासून फील्डनिहाय भाषांतर कोअरमध्येच (ड्रुपलच्या मूळ पॅकेजमध्येच) आहे आणि टिक काढलेलं फील्ड म्हणजे सगळ्या भाषांत सामाईक फील्ड, ते कुठल्याही फॉर्मवरून बदला, सगळीकडे बदलतं. 'ऑल लँग्वेजेस' ही पाटी तेवढंच सांगायला असते, पण घाईत ती कुणी वाचत नाही हेही खरं. मराठी संपादकाला ते फील्ड दिसूच नये असं वाटत असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये रीजनल अँड लँग्वेज, त्यात कंटेंट लँग्वेज अँड ट्रान्सलेशन, तिथे तुमच्या कंटेंट टाइपखाली भाषांतराच्या फॉर्मवरून नॉन ट्रान्सलेटेबल फील्ड लपवायचा पर्याय आहे, तो चालू करा. मग ते फक्त मूळ भाषेच्या फॉर्मवरून बदलता येतं. मला हे जास्त सुरक्षित वाटतं.

आणि तारीख टेक्स्ट फील्डमध्ये असेल तर ती खऱ्या डेट फील्डमध्ये हलवा. आत वर्ष-महिना-दिवस अशी साठवली जाते आणि बाहेर प्रत्येक भाषेच्या पद्धतीनं दिसते. टेक्स्टमध्ये लिहिलेलं ०३/०४ कुणी ३ एप्रिल वाचतं कुणी ४ मार्च, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

चित्राच्या फील्डवर ड्रुपल वेगवेगळ्या टिका देतं, फाइलसाठी वेगळी, आल्टसाठी (चित्राचं शब्दांतलं वर्णन) वेगळी, टायटलसाठी वेगळी. फाइलची काढा, आल्टची ठेवा. एक सावधगिरी म्हणजे साइट जुनी असेल आणि दुसऱ्या भाषांत आधीच वेगळ्या व्हॅल्यू भरलेल्या असतील तर टिक काढायच्या आधी बॅकअप घ्या आणि त्या व्हॅल्यू बाजूला काढून ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं.

प्रश्न: पूर्ण फील्ड नाही, मला परिच्छेदातला एकच शब्द वाचवायचा आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या मदत पानांवर बटणाची नावं आणि कमांड असतात, वाचकाच्या ब्राउझरनं पान भाषांतरित केलं की त्याही बदलतात आणि मग सूचना निरुपयोगी.

उत्तर: एचटीएमएलमध्ये यासाठीच 'ट्रान्सलेट' नावाचं ॲट्रिब्यूट आहे, ते कुठल्याही टॅगला लावता येतं, व्हॅल्यू 'नो' ठेवली की त्या टॅगच्या आतलं सगळं सोडून द्यायचं असा अर्थ. आतल्या एखाद्या तुकड्याला परत 'यस' देता येतं. गूगलचं भाषांतर हे पाळतं आणि 'नोट्रान्सलेट' हा क्लासही पाळतं. मी दोन्ही लावते. कमांड असलेल्या प्रत्येक कोड टॅगला हे टेम्पलेटमध्येच बसवून टाका, लेखकावर सोडलंत तर दहापैकी चार वेळा विसरलं जाणार.

यासोबत 'लँग' ॲट्रिब्यूटही लावा. दोघांची कामं वेगळी आहेत, 'ट्रान्सलेट' सांगतं की हात लावू नको, 'लँग' सांगतं की हा तुकडा कुठल्या भाषेत आहे. मराठी पानात इंग्रजी शब्द तसाच ठेवला आणि 'लँग' दिलं नाही तर स्क्रीन रीडर तो मराठी उच्चारानं वाचायला जातो आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत ३.१.२ हा निकष याच गोष्टीचा आहे, डबल ए पातळीचा.

तुमची साइट रिॲक्टवर (पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) असेल तर अजून एक. गूगल भाषांतर पानावरचा मजकूर स्वतःच्या फॉन्ट टॅगमध्ये गुंडाळतं, रिॲक्टला मात्र आपला जुना मजकूर जिथे होता तिथेच आहे असं वाटत असतं, तो काढायला जातं आणि सापडत नाही म्हणून एरर येते आणि कधी कधी पूर्ण पान पांढरं होतं. सतत बदलणारे आकडे, काउंटर, टायमर असतील तर मजकूर स्वतंत्र स्पॅनमध्ये ठेवा आणि जिथे नुसते आकडेच आहेत तिथे 'ट्रान्सलेट नो' द्या. काही जण यावर उपाय म्हणून पूर्ण पानालाच भाषांतरबंदी करतात. ते करू नका, वाचकाकडे समजून घ्यायचा तेवढाच मार्ग असतो.

प्रश्न: मी भाषांतरकार आहे. क्लायंट एक्सलिफ फाइल (भाषांतराच्या देवाणघेवाणीसाठीची फाइल) पाठवतो, त्यात नावं, शहरं, संख्या यांच्या जागा लॉक केलेल्या असतात. त्या बदलायच्या नाहीत हे मान्य आहे, पण मराठीत लॉक केलेल्या शब्दाला प्रत्यय कसा लावायचा? 'महिरपी कंसात सिटी' आणि पुढे 'मध्ये' लिहिलं तर कधी बरोबर येतं कधी विचित्र.

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण फील्ड वगळणाऱ्या मंडळींना हा प्रश्न दिसतच नाही. त्यांच्या भाषेत शब्द एका जागी उचलून ठेवला की काम झालं. मराठीत शब्दाला विभक्ती लागताना तो आतून बदलतो, घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात, शाळा-शाळेत. लॉक केलेला शब्द बदलू शकत नाही, म्हणून 'शाळा' या व्हॅल्यूपुढे 'त' लावलं की 'शाळात' होतं, आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे मशीननं लिहिलंय.

माझा उपाय असा की लॉक केलेल्या शब्दाला शक्यतो प्रत्ययच लागू द्यायचा नाही, वाक्य फिरवायचं. 'अमुकने तुम्हाला संदेश पाठवला' यात नावाला 'ने' लागतो, त्याऐवजी 'नवीन संदेश. पाठवणारी व्यक्ती: अमुक' असं केलं की नाव मोकळं राहतं. 'अमुक शहरात तीन कार्यक्रम' ऐवजी 'शहर: अमुक. कार्यक्रम: तीन'. थोडं कोरडं होतं, मान्य, पण चुकीच्या मराठीपेक्षा बरं. जिथे वाक्य फिरवता येत नाही तिथे मधे एक सामान्य नाम घाला आणि प्रत्यय त्याला लावा, 'अमुक या शहरात', 'अमुक या विभागाला', म्हणजे बदलायचं ते 'शहर' बदलतं आणि लॉक केलेला शब्द जागच्या जागी. ही युक्ती मी रोज वापरते. क्रियापदाचं लिंगही असंच बघावं लागतं, 'अमुक आला' की 'आली' हे फाइलला माहीत नसतं, 'अमुक यांनी प्रवेश केला' म्हटलं की प्रश्न मिटतो.

क्रमाचंही लक्ष ठेवा. एका वाक्यात दोन जागा असतील आणि त्या नुसत्या टक्क्याचं चिन्ह आणि एस अशा असतील तर प्रोग्राम त्या येतील त्या क्रमानं भरतो, मराठीत क्रियापद शेवटी गेल्यामुळे क्रम उलटला की नाव आणि तारीख एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. क्लायंटला सांगा की क्रमांक घातलेल्या जागा द्या, पहिली, दुसरी अशा, मग तुम्ही त्या हव्या तशा हलवू शकता. हे मागायला संकोच करू नका, त्यांचं पाच मिनिटांचं काम असतं.

आणि लॉक न केलेल्या जागा दिसल्या तरी कंसाच्या आतलं कधीही मराठीत करू नका. महिरपी कंसातलं 'नेम' कुणीतरी 'नाव' केलं की प्रोग्रामला ते ओळखू येत नाही आणि शेकडो लोकांना 'नमस्कार' आणि पुढे कंसात 'नाव' असे मेल जातात. यंत्रानं भाषांतर करून घेत असाल तर पाठवायच्या आधी अशा जागा टॅगमध्ये गुंडाळता येतात, डीपएल या भाषांतर सेवेच्या एपीआयमध्ये दुर्लक्ष करायच्या टॅगांची यादी देता येते, गूगलला एचटीएमएल म्हणून पाठवलं तर 'नोट्रान्सलेट' स्पॅन चालतो. परत आल्यावर जागा मोजा, गेल्या तेवढ्या आल्या का. चौकटी कंसातले वर्डप्रेसचे शॉर्टकोडही यातच धरा.

प्रश्न: स्लग म्हणजे पानाचा पत्ता मराठीत करावा की वगळावा?

उत्तर: दोन्ही चालतं, पण वर्डप्रेसवर एक अडचण माहीत असू द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजायचं. 'ग्रंथालय' दिसायला चार अक्षरं पण आत आठ चिन्हं, म्हणजे ७२. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० ची जागा असते, साधारण २२ चिन्हांत ती भरते आणि पुढचं कापलं जातं, मग लांब शीर्षकांचे पत्ते अर्ध्यात तुटलेले दिसतात. तेव्हा मराठी स्लग दोन-तीन शब्दांचा हातानं लिहा, नाहीतर मराठीच पण रोमन लिपीत लिहा. इंग्रजी स्लग तसाच कॉपी केला तरी काही बिघडत नाही, पत्त्यात भाषेचा कोड वेगळा असला आणि एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेत ते सर्च इंजिनला सांगणारी खूण) नीट लावलेलं असलं म्हणजे झालं. एकदा ठरवलेला स्लग नंतर बदलायचा असेल तर रिडायरेक्ट (जुना पत्ता नव्याकडे वळवणं) लावल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न: आमच्याकडे भाषांतराचा खर्च शब्दांवर आहे. वरिष्ठांनी सांगितलं की चित्रांचे आल्ट, फॉर्मच्या एरर, संमतीचा मजकूर, सर्च इंजिनसाठीचं वर्णन हे 'तांत्रिक' आहे, वगळा. बराच खर्च वाचतोय. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. आणि हे वरिष्ठांना दाखवायला लागणार असेल तर हा परिच्छेद जसाच्या तसा दाखवा.

आल्ट हा मजकूर ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी लिहिलेला असतो. मराठी पान ऐकत असलेल्या अंध वाचकाला प्रत्येक चित्रापाशी इंग्रजी ऐकू येत असेल तर त्याच्यासाठी ते पान मराठी झालेलंच नाही. फॉर्मची एरर माणूस अडलेला असताना वाचतो, साइटवरचा तोच एक क्षण असा असतो की त्याला मदत सगळ्यात जास्त हवी असते, आणि तिथेच आपण भाषा बदलतो. मी एका मावशींना फॉर्म भरताना पाहिलंय, वर सगळं मराठी, त्यांनी व्यवस्थित भरत आणलं, आणि मग लाल रंगात एक इंग्रजी ओळ आली. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी मोठं चुकलं, त्यांनी फोन बाजूला ठेवून दिला. त्या ओळीत फक्त एवढंच होतं की पिनकोडमध्ये स्पेस नको. संमतीबद्दल तर बोलायलाच नको, जे वाचताच आलं नाही त्याला माणसानं 'मान्य आहे' कसं म्हणायचं?

सर्च इंजिनचं वर्णन वगळलंत तर मराठीत शोधणाऱ्याला निकालात तुमच्या मराठी पानाखाली इंग्रजी ओळ दिसण्याची शक्यता राहते आणि तो दुसऱ्या कुणाच्या पानावर जातो.

खर्च वाचवायचाच असेल तर वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत आणि बऱ्याच आहेत. कोड, क्रमांक, फाइलची नावं, ईमेल, लिंक, अक्षांश-रेखांश, आतल्या टिपणांची फील्ड जी फक्त ऑफिसला दिसतात, जुन्या बातम्यांचं संग्रहित पान, हे सगळं शब्दसंख्येतून काढा. परत परत येणारी वाक्यं ट्रान्सलेशन मेमरीत ठेवा, मग त्याच वाक्याचे पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. 'तांत्रिक' हा शब्द मात्र यादीतून काढून टाका, फील्ड कुठल्या मेनूत आहे यावरून काहीच ठरत नाही, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय यावरून ठरतं.

प्रश्न: फोन नंबर भाषांतरातून वगळला आहे तरी मराठी पानावर देवनागरीत दिसतो आणि दाबल्यावर कॉल लागत नाही. कसं काय?

उत्तर: भाषांतराचा दोष दिसत नाही, फॉर्मॅटिंगचा दिसतोय. जावास्क्रिप्टला संख्या मराठी लोकॅलनं (भाषेच्या पद्धतीनं) दाखवायला सांगितली की ती आपोआप देवनागरी अंक देते, वर स्वल्पविरामही घालते. फोन नंबर ही संख्या नाहीच, ती अक्षरांची ओळ आहे, तिला नंबर फॉर्मॅटमधून जाऊच देऊ नका. दिसायला देवनागरी हवा असेल तर हरकत नाही पण लिंकच्या आत इंग्रजी अंकच पाहिजेत. बाकी ठिकाणी खऱ्या संख्यांना इंग्रजी अंक हवे असतील तर लोकॅलसोबत लॅटिन अंकपद्धती मागता येते. उलट बाजूही तपासा, एखाद्यानं फॉर्ममध्ये देवनागरी अंक टाइप केले तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही, आधी ते बदलून घ्यावे लागतात. बदलून घ्या, वापरणाऱ्याला 'चुकीचा नंबर' म्हणून परत पाठवू नका.

प्रश्न: आमच्याकडे जवळजवळ १४० फील्ड आहेत. कुठून सुरुवात करू, आणि हे ठरवायचं कोणी, डेव्हलपरनं की भाषांतरकारानं?

उत्तर: दोघांनी एकत्र बसून, आणि तिसरा माणूस जो रोज मजकूर भरतो, तो तर हवाच, कारण कुठलं फील्ड प्रत्यक्षात कशासाठी वापरलं जातं हे फक्त त्यालाच माहीत असतं. 'उपशीर्षक' नावाच्या फील्डमध्ये लोक वर्षानुवर्षं फोन नंबर टाकत असतात, असं मी पाहिलंय.

एक साधी शीट करा. फील्डचं नाव, त्यातलं एक खरं उदाहरण, कोण वाचतं, आणि निर्णय. खरं उदाहरण टाकल्याशिवाय निर्णय घेऊ नका, नावावरून फसायला होतं. १४० पैकी बरीच फील्ड बघताक्षणी सुटतील, आणि अडतील ती बहुतेक मिश्र, म्हणजे एकाच फील्डमध्ये 'हॉल क्रमांक ४, दुसरा मजला, सकाळी १०' असं सगळं कोंबलेलं. त्यांना वगळूनही चालत नाही, भाषांतरात टाकूनही चालत नाही, ती फोडावी लागतात, वेळ वेगळी, क्रमांक वेगळा, शब्द वेगळे. हे काम कंटाळवाणं आहे पण भाषांतर सुरू व्हायच्या आधीच होऊ शकतं, तीन भाषा भरून झाल्यावर तेच काम चारपट होतं.

मग सेटिंग लावून एकच पान घ्या, सगळी फील्ड भरलेलं. मूळ भाषेत प्रत्येक फील्डमध्ये काहीतरी बदला, सेव्ह करा, आणि दुसऱ्या भाषेचं पान उघडून शीट समोर धरून बघा की जे बदलायला हवं होतं ते बदललं का आणि जे तसंच राहायला हवं होतं ते राहिलं का. नंतर उलट करा, दुसऱ्या भाषेत बदला आणि मूळ पान बघा. ही दुसरी फेरी बहुतेक जण करत नाहीत आणि सामाईक फील्डचे घोटाळे नेमके तिथेच सापडतात. वर्डप्रेसवर असाल तर झालेले निर्णय डब्ल्यूपीएमएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून थीमसोबत ठेवा, म्हणजे साइट दुसऱ्या सर्व्हरवर गेली तरी परत १४० वेळा क्लिक करायला लागणार नाही. तुमची शीट तयार झाली आणि दहा-बारा फील्ड अडली तर ती मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.